डीएसएमबीची झडप गळाली आणि वॉरंटीला 'खारं पाणी' आडवं आलं: एका सीझनचा अनुभव

समुद्रात वापरायच्या वस्तूला खारं पाणी लागलं म्हणून वॉरंटी मिळणार नाही, असं लेखी उत्तर मला मिळालं आहे. म्हणून हे सविस्तर लिहितोय. वस्तू म्हणजे डीएसएमबी, डायव्ह संपवून वर येताना आपण सोडतो तो नारिंगी फुगा. त्याच्यासोबत ऑक्टोबरात स्पूल (फुग्याच्या दोऱ्याची रीळ), बीसीडीच्या, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जॅकेटच्या, होजला लागणारा हवेचा भोंगा, शिटी आणि आरसा असा संच जमवला होता. मावसभावाने, तोच माझा बडी म्हणजे डायव्हिंगमधला जोडीदार, वर एक एआयएस बीकनही (जहाजांना आपली जागा कळवणारं रेडिओ यंत्र) घेतला. सगळं मे अखेरपर्यंत गोव्यातल्या ग्रँड आयलंडभोवती वापरलं, मध्ये एकदा मुर्डेश्वरला जाऊन नेत्राणी बेटालाही. लांबी, रंग, वजन तुम्ही दुकानाच्या पानावर वाचलेलं असेलच, ते पुन्हा देत नाही.

ग्रँडला उतरलेल्यांना तिथलं पाणी माहीत आहे. चांगल्या दिवशी पाच-सहा मीटर दिसतं, वाईट दिवशी बडीचे फिन्स दिसले तरी पुष्कळ. खाली रेकवर, म्हणजे बुडालेल्या जहाजावर, ते चालून जातं. खरी काळजी वर येताना असते, कारण डोक्यावर काय चाललंय ते दिसत नाही. बायणा आणि बोगमाळोच्या डायव्हिंग बोटी, कळंगुट-सिकेरीकडून डॉल्फिन दाखवायला निघालेल्या बोटी, ट्रॉलर, गळ टाकून बसलेल्या होड्या, सगळे त्याच पट्ट्यात. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, त्या सेफ्टी स्टॉपला बोटीच्या पंख्याचा आवाज येतो, पण कुठून ते कळत नाही. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर पळतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त, त्यामुळे दोन्ही कानांना तो एकदमच पोचतो आणि दिशा हरवते. अशा वेळी खाली माणसं आहेत हे तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, सांगणारी एकच गोष्ट वर असते, तो फुगा. तो उभा असला पाहिजे.

आणि माझा उभा राहत नव्हता.

फुग्याच्या तळाशी फुंकायची नळी असते आणि तिच्यात डकबिल झडप, म्हणजे मऊ रबराचे दोन ओठ. फुंकलं की उघडतात, थांबलं की आतल्या हवेच्या दाबानेच मिटतात. जानेवारीत पहिल्यांदा लक्षात आलं की वर येऊन बोटीची वाट पाहत असताना सुरुवातीला ताठ असलेला फुगा बोट जवळ येईपर्यंत उन्हातल्या केळीच्या पानासारखी मान टाकतो. घरी बादलीत साबणाचं पाणी करून तो भाग भाग बुडवून पाहिला. शिवणींतून काही नाही, ओव्हरप्रेशर झडपेतून काही नाही. नळीच्या तोंडातून मात्र एकामागून एक बारीक बुडबुडे. टॉर्च मारून आत बघितलं तर एका ओठाची कड आत वळलेली, दुसऱ्यावर नीट बसतच नव्हती. वाळूचा कण नाही, चीर नाही. मावसभावाचा फुगा त्याच कंपनीचा, त्याच दिवशी घेतलेला. त्याच्या झडपेचे ओठ सरळ आणि जाड, रात्रभर फुगवून ठेवला तरी सकाळी तसाच कडक. म्हणजे माझी झडप मुळातच सदोष होती.

एवढ्याशा गळतीला इतकं धरून बसण्याचं कारण आहे. आपला समुद्र उथळ आहे. 20 मीटरवर फुग्यात एक लिटर हवा भरली तर पाण्याचा दाब कमी होत जाऊन वर पोचेपर्यंत तिचे तीन लिटर होतात, जास्तीची हवा ओव्हरप्रेशर झडप सोडून देते आणि फुगा गच्च उभा राहतो. ग्रँडला आपण बहुतेक वेळा 8 मीटरच्या आसपासून फुगा सोडतो. तिथून एका लिटरचे जेमतेम 1.8 लिटर. सेफ्टी स्टॉपवरून सोडला तर दीड. फुगा आधीच कसाबसा भरून वर येतो, त्यात झडप गळकी असेल तर दहा-पंधरा मिनिटांत वरचा निम्मा भाग पाण्यावर आडवा. लाटेच्या पलीकडून बघणाऱ्याला मग काहीच दिसत नाही, कारण पाण्यावर आपलं डोकं असतं फार तर वीतभर. जाहिरातीत निळ्याशार खोल पाण्यात उभा राहिलेला फुगा बघून आपल्याकडे कोणी तो घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. घेताना दुकानातच फुगवा, चहा पिऊन या, मग दाबून बघा.

आता दुकानदाराचं. बिल, झडपेचा जवळून काढलेला फोटो, बादलीतल्या बुडबुड्यांचा व्हिडिओ, मावसभावाच्या फुग्याचा व्हिडिओ, सगळं पाठवलं. आधी आठवडाभर काही नाही. मग फोन: "सर, तुम्ही धुतला नसेल." प्रत्येक डायव्हनंतर गोड्या पाण्यात, झडप उघडून, आतून-बाहेरून धुतो, तसं कळवलं. मग ते लेखी उत्तर: नळीच्या कडेला मिठाचे डाग आहेत, खाऱ्या पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मी विचारलं, गोड्या पाण्यात वापरायचा फुगा तुम्ही वेगळा विकता का? उत्तर नाही. पाहिजे असेल तर नवीन घ्या, दहा टक्के सूट देतो, एवढंच पुढे आलं. बेचाळीसशे रुपये दिलेत मी. घरात पंख्याचा कपॅसिटर गेला तरी आधी दुरुस्त होतो का ते बघणारा माणूस आहे मी, त्यामुळे दहा टक्के सुटीत माझं समाधान होणार नव्हतं. बेचाळीसशेपैकी ती झडप किती रुपयांची असेल? सुटी झडप पाठवा, मी स्वतः बसवतो, हेही लिहिलं होतं. सुट्या भागांची सोय नाही म्हणाले. जिवाशी संबंधित वस्तू विकायची आणि तिचा सर्वात नाजूक भाग सुटा द्यायचा नाही, हे मला अजिबात मान्य नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे.

स्पूलबद्दल दोन शब्द. दोरा चांगला, गुंता झाला नाही. सोबत आलेल्या बोल्ट स्नॅपची (अडकवायच्या हुकाची) स्प्रिंग मात्र फेब्रुवारीपर्यंत गंजून अडकायला लागली. पितळी घेतला, तो सुरळीत चालतोय. आरसा वापरायची वेळ आली नाही. शिटी दीडशे रुपयांची, आत गोळी नसलेली घ्या, गोळीवाली पाणी भरलं की नीट वाजत नाही.

भोंग्याबद्दल माझं मत मध्येच बदललं, तेही प्रामाणिकपणे मांडतो. फुग्याच्या दुप्पट पैसे त्याला पडले आणि डिसेंबरपर्यंत माझं ठाम मत होतं की शिटी असताना हा खर्च अनाठायी आहे. होज आणि बीसीडीच्या इन्फ्लेटरच्या मध्ये बसतो, बटण दाबलं की सिलिंडरमधल्या हवेवर वाजतो. होजच्या टोकाला एक जास्तीचा जोड, तो चुकून दाबला जाईल ही धास्ती, आणि कानाजवळ वाजला तर कान बधिर. मग मार्चमधली ती दुपार. दुपारनंतरचा वारा सुटलेला, पाण्यावर सूर्याचा लखलखाट, आणि आम्ही प्रवाहाने बेटाच्या टोकापलीकडे वाहून गेलो. मावसभावाचा फुगा ताठ उभा होता, तरी बोट उलट्या बाजूला शोधत होती, कारण तांडेल उन्हाकडे तोंड करून बघत होता आणि नारिंगी रंग त्या चकाकीत काळाच दिसत असणार. शिटी दोघांनीही फुंकली. इंजिनाच्या आवाजात ती कुठली पोचायला! भोंगा दाबला, दोनदा लांब, आणि तांडेलाची मान फिरली. फिरलेली दिसली मला. बोट आली तेव्हा तो म्हणाला, "पयलीं आवाज आयकलो, मागीर तुमी दिसले." त्या दिवसापासून भोंगा माझ्या होजवरून निघालेला नाही. एक अट मात्र आहे: सिलिंडरमध्ये हवा शिल्लक पाहिजे. 50 बार दाबाची हवा शिल्लक ठेवून वर यायचं हे आपल्याला पहिल्या कोर्सात शिकवतात, त्याला आता माझ्यापुरतं हे आणखी एक कारण.

पाण्याखालच्या आवाजांचं बोलायचं तर टँक बँगर (सिलिंडरवर टकटक करायचं साधन) आणि खुळखुळ्यांवर खर्च करू नका, निदान ग्रँडला. सुट्टीच्या दिवशी तिथे एकावेळी कितीतरी गट खाली असतात आणि टकटक ऐकली की सगळेच चहूकडे बघायला लागतात. दिशा कळत नाही हे वर लिहिलंच आहे. गढूळ पाण्यात टॉर्च उत्तम: सावकाश गोल फिरवला की ठीक आहे, वेगाने आडवा हलवला की इकडे बघ. दिवसाउजेडीही टॉर्च हातात ठेवा.

आता बीकन. वीस हजारांच्या वर किंमत. वर आल्यावर अँटेना उघडून बटण दाबलं की तो जीपीएसवरून आपली जागा घेतो आणि एआयएसवर, काही मॉडेलांत व्हीएचएफ रेडिओच्या 70 नंबरच्या चॅनेलवरही, मदतीचा संदेश पाठवतो. संदेश ऐकायला समोर तसा रिसीव्हर पाहिजे. मी आमच्या तांडेलाला विचारलं तेव्हा बोटीवर मोबाइल होता आणि डोळे होते, एवढंच. आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या 300 टनांवरच्या जहाजांना एआयएस सक्तीचं आहे, आपल्या फायबरच्या बोटींना नाही. म्हणून मी मावसभावाला म्हटलं होतं की तुझे पैसे पाण्यात गेले.

आता तसं म्हणणार नाही. मुरगाव बंदराबाहेर नांगर टाकून जहाजं थांबलेली असतात, त्यांच्या ब्रिजवर हा संदेश दिसू शकतो. नेत्राणीला जाताना किनारा मागे पडला की तर त्याचं मोल आणखी वाढतं. पण पाण्यालगतची अँटेना फार लांब पोचत नाही, हे ध्यानात ठेवूनच घ्या, आणि घेण्याआधी आपल्या डायव्ह सेंटरला विचारा की बोटीवर काय आहे. मच्छीमारांच्या बोटींवर इस्रोचं 'डॅट' नावाचं संकटसूचक यंत्र 2010 पासून आहे. त्याच्या नव्या पिढीत संदेश पोचल्याची पोच बोटीवर परत येते. डायव्हिंग बोटींवर असं काहीतरी असावं, ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायला हवी. तोवर तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 तांडेलाच्या मोबाइलमध्ये आहेत ना, ते बोट सुटायच्या आधी बघून घ्या.

एक गोष्ट मुद्दाम. परदेशी डायव्हर्सचं वाचून गार्मिन इनरीचसारखा सॅटेलाइट मेसेंजर मागवू नका. आपल्याकडे परवान्याशिवाय तो बाळगता येत नाही. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्याच विमानतळावर एका परदेशी महिलेला त्यावरून पकडलं होतं.

पावसाळ्यात सगळं बंद आहे तोवर भोंग्याच्या ओ-रिंग बदलून घेतोय. ऑक्टोबरसाठी नवा फुगा दुसऱ्या कंपनीचा घेतला आहे. त्याची झडप स्क्रूने उघडते आणि सुटी मिळते, ती एक जास्तीची मागवून ठेवली. तोंडाने फुंकायची आणि होज लावायची अशा दोन्ही सोयी आहेत, त्यामुळे 8 मीटरवरूनही तो गच्च भरेल. ग्राहक हेल्पलाइनचं उत्तर अजून आलेलं नाही, आलं की कळवतो.