रामबाम की कब्बाला: आधी कुणाकडे जावं?

‘हे इस्राएला, ऐक: परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे.’ हा शेमा, यहुद्यांचं रोजचं श्रद्धावचन. कोकणातले यहुदी, बेने इस्राएल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, हिब्रू जवळजवळ विसरले तरी शेमा विसरले नाहीत. ‘एकच’ यावर सगळ्या यहुद्यांचं एकमत. ‘एकच’ म्हणजे नेमकं काय, इथे दोन वाटा फुटतात.

पहिली रामबामची, म्हणजे यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिडीसची. जन्म कॉर्दोबाचा, पेशाने वैद्य, मृत्यू १२०४. देवाला शरीर नाही, हे त्याने मांडलेल्या श्रद्धेच्या तेरा तत्त्वांतलं तिसरं; धर्मग्रंथात देवाचा हात आला तर तो भाषेचा अलंकार समजायचा. त्याही पुढे जाऊन तो म्हणतो, देवाला गुणसुद्धा चिकटवू नका. ‘समर्थ आहे’ नको, ‘दुबळा नाही’ म्हणा. जहाज म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला कुणी सांगतं की ते खनिज नाही. दुसरा सांगतो, सजीव नाही. तिसरा सांगतो, सपाट नाही. अशा दहा नकारांनंतर जहाज जवळपास डोळ्यांपुढे उभं राहतं. आपल्याला लगेच ‘नेति नेति’ आठवतं. आठवू द्या, पण रामबाम जीव आणि ब्रह्म एक मानत नाही.

दुसरी वाट कब्बालाची, म्हणजे यहुदी गूढविद्येची. मूळ देव ‘एन सोफ’, अनंत. त्याच्याबद्दल तीही गप्पच. पण त्याच्यातून दहा सफिरोत, म्हणजे दैवी शक्ती, प्रकटतात: करुणा, न्याय, आणि सर्वांत खाली शखिना, देवाचं जगातलं स्त्रीरूप सान्निध्य. माणसाच्या कृतीने या शक्ती जुळतात किंवा दुरावतात. म्हणजे तुमच्या प्रार्थनेने वर काहीतरी हलतं! रामबामच्या देवात असा बदल संभवतच नाही. चाळिशीआधी कब्बाला वाचू नये असा जुना दंडक. गंमत म्हणजे तिचा मोठा आचार्य इसहाक लुरिया १५७२मध्ये गालीलमधल्या त्सफात (सफेद) गावी अडतिसाव्या वर्षीच वारला.

प्रार्थना कुठे पोचते हा तुमचा प्रश्न असेल, तर कब्बाला जवळची वाटेल. तरी मी म्हणेन, आधी रामबाम. सगुण-निर्गुण ऐकत वाढलेला मराठी वाचक सफिरोतांना चटकन दशावतारांच्या रांगेत बसवतो आणि ‘एकच’ हातातून निसटतो. ती खोड मोडायला दहा नकारांचा तो वैद्य बरा.