वर्गात मोठ्याने वाचलेलं ‘अ लाँग वॉक टू वॉटर’

स्वयंसेवा या विषयावर मुलांशी बोलायला घेतलं की गाडी दरवेळी जुने कपडे गोळा करा, पैसे गोळा करा इथेच येऊन थांबते, म्हणून यावेळी ठरवलं की आधी गोष्ट आणि मगच काम. लिंडा सू पार्कची ही कादंबरी (2010) घेतली, रोज थोडी मोठ्याने वाचली, आणि ज्यांना मुलांसोबत असं काही करायचंय त्यांना मी अगदी मनापासून सांगेन की घ्याच.

पुस्तक छोटं आहे, 18 प्रकरणं. त्यात दोन गोष्टी आलटूनपालटून येतात. एक साल्वाची. 1985 साल, दक्षिण सुदान, वर्ग चालू असताना गोळीबार सुरू होतो आणि 11 वर्षांचा हा पोरगा घराच्या उलट दिशेला पळत सुटतो, मग इथिओपियातली छावणी, तिथूनही 1991 मधे हाकललं जातं, मग हजाराहून जास्त मुलांना सोबत घेऊन केनियापर्यंत पायी. दुसरी न्याची, 2008 मधली. रोज दोनदा तळ्यावर जाऊन पाणी आणायचं आणि त्यातच सगळा दिवस संपतो. साल्वा दुत हा खरा माणूस आहे बरं का.

अर्ध्यावर आल्यावर मी मुलांना विचारलं की साल्वाला मदत कोणी कोणी केली? पहिली उत्तरं अपेक्षित होती, छावणीवाले, पुढे त्याला अमेरिकेत आसरा देणारं कुटुंब वगैरे. मग एकीने म्हातारीचं नाव घेतलं, जिने स्वतःकडे फार काही नसताना त्याला शेंगदाणे दिले, कोठारात झोपू दिलं आणि पुढे स्वतःलाच गाव सोडावं लागलं तेव्हा तुला सोबत नेता येणार नाही हेही स्पष्ट सांगितलं. यावर वर्गात खूप वेळ वाद झाला, ही मदत की नाही? मग साल्वाचा काका आठवला. वाळवंटात साल्वाचे पाय उचलेनात तेव्हा तो समोरचं एक झुडूप दाखवतो, फक्त तिथपर्यंत चल म्हणतो, मग पुढचं झुडूप. आणि हेच साल्वा नंतर त्या सगळ्या पोरांना घेऊन चालताना वापरतो. हे मुलांनीच शोधून काढलं, मला सांगावं लागलं नाही, आणि या पुस्तकाचं खरं बळ मला इथेच दिसलं.

दुसरा मुद्दा विहिरीचा. दूषित पाण्यामुळे साल्वाच्या वडिलांच्या पोटात गिनी वर्म म्हणजे एक प्रकारचे जंत झाले, ऑपरेशन करावं लागलं, हे पाहिल्यावर साल्वाला कळतं की काम पाण्याचं करायचं. 2003 मधे त्याने वॉटर फॉर साउथ सुदान ही संस्था काढली. कादंबरीत विहीर खोदणारे आधी गावच्या मुखियाशी बोलतात आणि मग कामाला अख्खं गाव लागतं. न्या नुएर आहे, साल्वा डिंका, दोन्ही जमातींचं जुनं वैर, त्यामुळे शेवट काय होतो ते मी इथे फोडत नाही.

खटकलं ते पण सांगते. न्याचे भाग फारच त्रोटक, तिच्याबद्दल अजून वाचायचं होतं. युद्ध का झालं हे नीट येत नाही, ते 1983 ते 2005 चाललं आणि दक्षिण सुदान 2011 मधे वेगळा देश झाला, म्हणजे पुस्तकानंतर, हे शिक्षकानेच सांगायला हवं. आणि काकाचा मृत्यू, सिंहाचा प्रसंग, छावणीतून हाकलल्यावर ओलांडावी लागलेली गिलो नदी, ही प्रकरणं कृपया मुलांना घरी एकट्याने वाचायला देऊ नका. नदीचं प्रकरण वाचताना एक मुलगी एकदम गप्प झाली, मी तिथेच वाचन थांबवलं आणि त्या दिवशी फक्त बोलत बसलो.

नंतर मुलांनी स्वतःच काम निवडलं, लहान वर्गातल्या मुलांना गोष्टी वाचून दाखवायचं. पण जायच्या आधी दोघं जण तिथल्या बाईंना विचारायला गेले की तुम्हाला नक्की काय हवंय. त्या म्हणाल्या, वाचून दाखवू नका, ती अडखळत वाचतात तेव्हा शेजारी बसायला कोणीतरी हवंय. आता आठवड्यातून दोनदा जाऊन बसतात.