काशी-सारनाथ एका दिवसात: हॉटेलवाल्याचं गाडीचं पॅकेज घ्यावं का?

बनारसच्या बहुतेक हॉटेलांच्या काउंटरवर एक छापील यादी असते: काशी विश्वनाथ, कालभैरव, संकटमोचन, दुर्गाकुंड, तुलसी मानस, बीएचयू (बनारस हिंदू विद्यापीठ), सारनाथ आणि शेवटी गंगा आरती. दिवसभराची गाडी, सगळं एका दमात. यादीतल्या ठिकाणांबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती यासाठी की जिथे गाडीचा काही उपयोग नाही तिथलेही पैसे तुम्ही भरता. विश्वनाथ, कालभैरव आणि घाट जुन्या शहरात आहेत. गाडी गोदौलिया किंवा मैदागिनच्या अलीकडेच सोडते, पुढे गल्ल्या आणि पायपीट. गर्दीच्या दिवशी तर ती आणखी आधी अडते. म्हणून गाडी फक्त सारनाथसाठी घ्यावी, अर्ध्या दिवसाची. बाकी काशी पायी आणि नावेतून.

पहाटेची नाव हा या शहरातला सगळ्यात वसूल खर्च. फक्त घड्याळ सांभाळा. काशी मुंबईच्या सुमारे दहा रेखांश पूर्वेला आहे, म्हणजे चाळीसेक मिनिटांचा फरक. जूनमध्ये पाचच्या सुमारास उजाडतं, जानेवारीत पावणेसातच्या आसपास. मुंबई-पुण्याच्या सवयीने निघालात तर सूर्य वर आलेला असतो. गंगा इथे दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि घाट पश्चिम काठावर आहेत, त्यामुळे पहिलं ऊन थेट पायऱ्यांवर पडतं. दक्षिणेकडच्या असी घाटावरून निघालात तर नाव प्रवाहाबरोबर जाते. वल्ह्याची नाव मागा. मोटारबोटीच्या आवाजात घाटावरचे मंत्र आणि घंटा विरून जातात.

दर ठरवताना दोन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. रक्कम अख्ख्या नावेची की माणशी, आणि परत असीला आणून सोडणार की मणिकर्णिकेला, म्हणजे स्मशानघाटाला, उतरवणार. भांडणं होतात ती याच दोन मुद्द्यांवरून. बहुतेक नावा मणिकर्णिकेपासून वळतात. थोडे पैसे जास्त देऊन पंचगंगा घाटापर्यंत जा, कारण मराठी माणसाची काशी तिथपर्यंत पसरलेली आहे. दशाश्वमेधच्या आधी अहिल्याबाई घाट लागतो, मणिकर्णिकेला लागून शिंदे घाट आणि त्याच्या कडेला कललेलं रत्नेश्वर मंदिर, मग नागपूरकर भोसल्यांचा घाट. पंचगंगेवर अहिल्याबाईंची दगडी दीपमाळ आहे आणि वर औरंगजेबाच्या काळातली आलमगीर मशीद. बिंदुमाधवाचं जुनं देऊळ त्याच जागी होतं. रामानंदांचा पाय कबीराला लागला आणि त्याला गुरुमंत्र मिळाला ती कथाही याच पायऱ्यांची.

मणिकर्णिकेला फोटो काढू नका, नावेतूनही नाही. 'गरिबांच्या लाकडासाठी दान' मागत कोणी गच्चीवर न्यायला लागला तर सरळ पुढे चालू लागा.

विश्वनाथाला फोन, स्मार्टघड्याळ, बॅग काहीच आत नेता येत नाही. फोन खोलीवरच ठेवलेला बरा. गल्लीतली दुकानं 'लॉकर फुकट' म्हणतात, पण फूल-प्रसादाची टोपली तुमच्या गळ्यात पडतेच. रांग टाळायची असेल तर मंदिर न्यासाच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुगम दर्शनाचं तिकीट आधी काढा. रस्त्यात भेटणाऱ्या 'व्हीआयपी दर्शन'वाल्याला पैसे देऊ नका. आजचं देऊळ अहिल्याबाईंनी 1780 च्या सुमारास उभारलं. संकटमोचनलाही फोन चालत नाही.

आता सारनाथ. पॅकेजवाले इथे तास-सव्वा तास देतात, तो अगदीच अपुरा आहे. अडीच-तीन तास हवेत. शुक्रवारी जाऊ नका, पुरातत्त्व संग्रहालय बंद असतं, आणि आपल्या राजमुद्रेचा मूळ सिंहशीर्ष तिथेच आहे. ड्रायव्हर हे आपणहून सांगेलच असं नाही. आधी संग्रहालय, मग अवशेष, असा क्रम ठेवा, म्हणजे तुटलेल्या अशोकस्तंभाचा बुंधा बघताना वर काय होतं ते डोळ्यांसमोर असतं. धामेख स्तूप उभा आहे, पण धर्मराजिका स्तूपाचा फक्त पाया उरला आहे. 1794 मध्ये बनारसचे दिवाण जगतसिंह यांच्या माणसांनी विटांसाठी तो फोडला. शेजारीच अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथांचं जैन मंदिर आहे. येता-जाता रस्त्यालगत चौखंडी स्तूप दिसतो. त्यावरचा अष्टकोनी मनोरा 1588 चा, हुमायूनच्या भेटीची आठवण म्हणून अकबराच्या काळात बांधलेला. बौद्ध स्तूपावर मुघल मनोरा, तरी ड्रायव्हर इथे क्वचितच थांबतो.

तो थांबतो ते 'विणकरांच्या कारखान्या'त, म्हणजे कमिशनच्या साडीदुकानात. जायचंच असेल तर पदर उलटा करून बघा. कढुआ विणीत प्रत्येक बुट्टी वेगळी विणलेली असते, मागे एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत धागे जात नाहीत. कापलेल्या धाग्यांची टोकं दिसली तर ते कटवर्क, आणि त्याचा भाव कढुआचा नसतो.

यादीत नसलेलं बरंच काही वाटेवर सापडतं. भेलूपूरला पार्श्वनाथांचं जन्मस्थान आहे, दुर्गाकुंडाहून जवळच. नीचीबागेत गुरू तेगबहादुरांच्या मुक्कामाचा गुरुद्वारा, कबीरचौऱ्यात कबीरमठ, बीएचयूच्या मागे सीर गोवर्धनपूरला रविदासांचं मंदिर. तुलसी मानस गाळून यातलं काहीही घेतलंत तरी तोटा नाही.

संध्याकाळच्या आरतीला दशाश्वमेधवर तासभर आधी पोचा. नावेतून बघायची तर पहिल्या रांगेतली नाव धरा, मागच्या नावांतून फक्त पुढच्यांची डोकी दिसतात. आणि पुढची नाव हलेपर्यंत तुम्हाला निघता येत नाही, त्यामुळे रात्रीची रेल्वे असेल तर घाटावरूनच बघा. पावसाळ्यात पाणी चढलं की नावा बंद होतात आणि आरती गच्चीवर होते. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने सूर्योदय दिसत नाही, रेल्वेगाड्याही तासन्‌तास उशिरा धावतात. पण मलइयो, म्हणजे दुधाच्या फेसाची मिठाई, मात्र थंडीतच मिळते, तीही सकाळीच.

परतीच्या तिकिटावर स्टेशनचं नाव दोनदा वाचा. वाराणसी जंक्शन म्हणजे कँट, बनारस म्हणजे जुनं मंडुवाडीह, काशी तिसरंच, आणि पंडित दीनदयाल उपाध्याय जंक्शन म्हणजे पूर्वीचं मुगलसराय, गंगेच्या पलीकडे, कँटपासून पंधरा-सतरा किलोमीटरवर. तिथून गाडी असेल तर वाटेतल्या वाहतुकीसाठी दीड तास हाताशी ठेवा.