हेल्मेटला इंटरकॉम बसवायचाय? आधी कोणाशी बोलायचंय ते ठरवा

गाडी चालवताना हेल्मेटमधून एकमेकांशी बोलायचा इंटरकॉम कुठला घेऊ असं कोणी विचारलं की लगेच कार्डो कंपनीचा घे, सेना कंपनीचा घे, चायनीजच्या नादी लागू नको अशी उत्तरं येतात आणि विचारणारा आधी होता त्याहून जास्त गोंधळतो, कारण तो नेमकं कोणाशी बोलणार आहे हे कोणी विचारतच नाही. मागे बसलेल्या बायकोशी बोलायचंय, एका मित्राबरोबर दोन गाड्या काढायच्यात, की दहा-बारा जणांच्या ग्रुपबरोबर कोकणात उतरायचंय, या तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत आणि किमतीतही कितीतरी पटींचा फरक आहे. आणि दुसरी गोष्ट, डिव्हाईस कितीही भारी असू दे, स्पीकर कानाच्या भोकासमोर बसला नाही तर पैसे पाण्यात. माझं म्हणणं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

काहीच न घेता काम भागतं का, हे आधी बघू. बरेच जण हेल्मेटच्या आत इअरबड घालतात आणि व्हॉट्सॲपवर ग्रुप कॉल लावून निघतात. शहरात, सपाट हायवेवर हे चालून जातं, पण हेल्मेट घालताना बड सरकतो, ग्लोव्हज घालून त्याला हात लावता येत नाही, वेग वाढला की माईकमध्ये नुसता वारा घुसतो आणि समोरच्याला घोंघावण्यापलीकडे काही ऐकू जात नाही. नॉइज कॅन्सलेशन चालू असेल तर मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्नही दबतो, ते मला अजिबात पटत नाही. शिवाय कॉलला नेटवर्क लागतं, आणि ताम्हिणी किंवा वरंधा घाटात जिथे बोलायची खरी गरज असते नेमकं तिथेच ते जातं. इंटरकॉम एका हेल्मेटमधून दुसऱ्या हेल्मेटमध्ये थेट रेडिओने बोलतो, मोबाईलच्या टॉवरशी त्याचा संबंध नाही. घाटात फिरणाऱ्याने इंटरकॉम घ्यायचं हेच सगळ्यात मोठं कारण.

आता फक्त मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलायचं असेल तर रेंजचा आकडा बघूच नका. बॉक्सवर आठशे मीटर लिहिलंय की दीड किलोमीटर याने तुम्हाला काडीचा फरक पडत नाही, दोघांमध्ये अंतरच हातभर आहे. इथे साधा ब्लूटूथ इंटरकॉम पुरतो. इजीस, फ्रीडकॉन हे चायनीज ब्रँड ऑनलाईन सहज मिळतात आणि जोडी घेतली तरी खिसा फाटत नाही. बंगळुरूच्या ब्लूआर्मरचा सी10 आहे, तो इथलाच असल्यामुळे सर्व्हिससाठी बोलायला माणूस सापडतो, आणि कार्डोचे स्पिरिट आणि फ्रीकॉम 2एक्स हे खास दोघांसाठीच आहेत. स्पिरिटमध्ये 32 मिमीचे स्पीकर येतात आणि स्पिरिट एचडीमध्ये 40 मिमीचे, तर गाणी ऐकायची असतील तर एचडी बघा, नुसतं "हळू चालव रे" आणि "पुढे चहाला थांबू" एवढंच बोलणं असेल तर साधा बास.

दोन गाड्या असतील तरी ब्लूटूथच चालतो, फक्त इथे रेंजला अर्थ येतो. आणि रेंजचे आकडे मोकळ्या, सपाट जागेतले असतात हे पक्कं डोक्यात ठेवा. हे सगळे प्रकार 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, त्या लहरी कातळातून पार जात नाहीत. सोलापूर रोडवर पुढची गाडी ठिपक्याएवढी झाली तरी आवाज येत राहतो आणि घाटात एक वळण मध्ये आलं की लगेच खरखर सुरू होते, हे सगळ्याच ब्रँडचं होतं, महागड्याचंही. त्यामुळे जास्त रेंज दिसली म्हणून दुप्पट पैसे मोजण्याआधी तुम्ही नेहमी कुठल्या रस्त्याला जाता त्याचा विचार करा.

खरा पेच ग्रुपमध्ये येतो. ब्लूटूथवर ग्रुप जोडायचा म्हणजे साखळी, पहिला दुसऱ्याला जोडलेला, दुसरा तिसऱ्याला, आणि मधला एक जण पेट्रोल भरायला थांबला की त्याच्या मागचे सगळे तुटले. मग परत रस्त्याच्या कडेला थांबा, परत पेअर करा, कोणाच्या हेल्मेटवर कुठलं बटण दाबायचं ते आठवा, यात अर्धा तास जातो. कार्डोचा फ्रीकॉम 4एक्स ब्लूटूथवर चार जणांपर्यंत जोडतो, त्यापुढे नाही. इजीस व्ही6 प्रो घेताना तर जाहिरात नीट वाचा, त्यात सहा जण पेअर होतात हे खरंय पण एका वेळी दोघंच बोलू शकतात, सहा जणांच्या गप्पा होणार असं समजून घेतला तर निराशा ठरलेली.

मेश नावाच्या दुसऱ्या प्रकारात हा प्रश्न नाही. प्रत्येक डिव्हाईस आसपासच्या सगळ्यांशी बोलतं आणि निरोप पुढे सरकवतं, त्यामुळे कोणी मागे राहिला तर बाकीचे आपोआप जोडलेले राहतात आणि तो जवळ आला की स्वतःहून परत आत येतो, हात लावायला लागत नाही. कार्डोच्या पॅकटॉकमध्ये 15 जणांचा ग्रुप होतो. सेनाच्या 50एस मध्ये ग्रुप मेशवर 24 जण, आणि ओपन मेश म्हणून वेगळा प्रकार आहे त्यात 9 चॅनल असतात, चॅनल लावला की त्या चॅनलवरचा कोणीही ऐकू येतो, आधी पेअर करायची गरज नाही. मोठ्या राईडला जिथे अर्धे लोक एकमेकांना ओळखतही नाहीत तिथे ओपन मेश फार सोयीचा, आणि ठरलेल्या पाच-सात मित्रांच्या टोळक्याला पॅकटॉक जास्त सुटसुटीत वाटतो, एकदा ग्रुप केला की विषय संपला. ब्लूआर्मरचा सी30 पण मेशवाला आहे आणि या दोघांपेक्षा बराच स्वस्त, आपल्याकडच्या ग्रुपमध्ये दिसायलाही लागलाय.

पण इथेच लोक फसतात. कार्डोचं मेश सेनाच्या मेशशी बोलत नाही, आणि ब्लूआर्मरचं या दोघांशी नाही. युनिव्हर्सल इंटरकॉम नावाचा एक पर्याय असतो, त्यात दुसऱ्या कंपनीचं डिव्हाईस तुमच्या डिव्हाईसला फोन समजून जोडलं जातं, पण आवाज कॉलसारखा बसका येतो, फोन जोडायची एक जागा त्यात अडकते आणि मोठ्या ग्रुपला त्याचा उपयोग नाही. म्हणून ग्रुपसाठी घेताना यूट्यूबवरचे रिव्ह्यू नंतर बघा, आधी ग्रुपमधल्या लोकांकडे काय आहे ते विचारा. सात जणांकडे सेना असेल आणि तुम्ही अभ्यास करून, पैसे साठवून कार्डो आणलात तर तुम्ही एकटेच गाणी ऐकत जाणार. सात जणांकडे सी30 असेल तर तुमच्यासाठी सी30 हाच जगातला सगळ्यात भारी इंटरकॉम, मग भले बजेट कितीही असो.

आणि मेशचे पैसे नुसत्या गप्पांसाठी नाहीत. सगळ्यात पुढचा लीडवाला वळणावरून बोलतो, "खडी पडलीय, डावीकडून ये", "समोरून एसटी येतेय, आत्ता ओव्हरटेक नको", "म्हशी आहेत", आणि मागच्याला वळणापलीकडचं आधीच कळतं. पावसाळ्यात वरंधा उतरताना हे ज्याने अनुभवलंय त्याला परत हाताच्या इशाऱ्यांवर जायला नको वाटतं.

आता बसवण्याकडे येऊ, कारण आवाज येत नाही म्हणून रडणाऱ्यांमध्ये डिव्हाईस खराब निघालेले थोडे आणि स्पीकर चुकीच्या जागी लावलेले जास्त, हे मी मित्रांची हेल्मेटं उघडून उघडून बघितलंय. गालाजवळच्या गाद्या, म्हणजे चीक पॅड, काढले की बऱ्याच हेल्मेटमध्ये कानाजवळ थर्माकोलला गोल खळगा दिसतो, लोक डोळे झाकून त्यात स्पीकर ठेवतात. पण तो खळगा प्रत्येकाच्या कानासमोर येईलच असं नाही, बऱ्याचदा तो थोडा खाली नाहीतर मागे असतो. हेल्मेट घाला, खालून बोट आत सरकवा, कानाचं भोक कुठे येतंय ते चाचपा आणि स्पीकरचा मध्य तिथेच आणा. मग खोली बघा, स्पीकर कानापासून लांब राहिला तर साठ-सत्तरच्या वेगापुढे आवाज वाऱ्यात विरून जातो, अशा वेळी बॉक्समधले फोमचे गोल तुकडे स्पीकरच्या मागे लावून तो पुढे आणायचा, कानाला हलका टेकेल इतपत. जास्त पुढे आणलात तर तासाभरात कानाची पाळी दुखायला लागते, ते लगेच कळतं. एक-दोन सेंटीमीटर इकडे तिकडे केल्यावर तोच स्वस्तातला इंटरकॉम बदलल्यासारखा वाजतो, खरंच करून बघा.

खळगा नसेल तर थर्माकोल कोरायचा नाही. काही दुकानदार सरळ कटर काढतात, त्यांना तिथल्या तिथे थांबवा, धडक झाली की डोक्याचा मार तोच थर झेलतो. अशा हेल्मेटसाठी पातळ स्पीकर बघा नाहीतर हेल्मेट बदला.

माईकमध्ये दोन प्रकार येतात. फुल फेसला वायरचा छोटा बटण माईक, तो हनुवटीच्या बाजूला आतून वेल्क्रोने चिकटतो आणि दिसतही नाही. ओपन फेस आणि मॉड्युलर, म्हणजे ज्याचा पुढचा भाग वर उघडतो त्याला दांडीवाला बूम माईक. मॉड्युलरला बटण माईक लावला तर पुढचा भाग वर उघडताना वायर ओढली जाते. माईकला बोलायची बाजू असते, तिच्यावर खूण असते, ती ओठांकडे हवी, आणि वरचा स्पंज काढू नका, वारा तोच अडवतो.

डिव्हाईस बाहेर लावायला क्लॅम्प किंवा डबल टेप. क्लॅम्पची पट्टी बाहेरचं कडक शेल आणि थर्माकोलच्या मधल्या फटीत सरकते आणि स्क्रूने आवळली जाते, मला हीच पद्धत आवडते कारण काढता येते आणि पावसात निसटायची भीती नाही. पण काही हेल्मेटला खालची कड बंद असते, फट सापडतच नाही, तिथे टेपच लावावा लागतो. टेप लावताना जागा स्पिरिटने पुसून कोरडी करा, दाबून धरा आणि एक रात्र तसंच राहू द्या, लावल्या लावल्या राईडला निघालात तर वाटेत डिव्हाईस शोधत फिरावं लागेल. आणि डावीकडेच लावा, उजवा हात थ्रॉटलवर असतो. वायरी चीक पॅडच्या मागून थोडी ढील देऊन न्या, आणि मॉड्युलर असेल तर पुढचा भाग पूर्ण वर-खाली करून डिव्हाईसला घासतोय का ते बघा.

हा सगळा व्याप नको असेल तर जागा तयार असलेलं हेल्मेट आणि त्यात बसणारा इंटरकॉम हा मार्ग आहे, म्हणजे शोएई निओटेक 2 मध्ये सेनाचा एसआरएल, शुबर्थ सी5 मध्ये सेनाचाच एससी2. दिसायला स्वच्छ, बाहेर काही लटकत नाही, वाऱ्याचा आवाजही कमी. पण हेल्मेट पडलं, आपटलं की ते बदलायचं असतं, आणि मग त्या हेल्मेटसाठीच बनलेला इंटरकॉम ठरावीक मॉडेलं सोडून दुसऱ्या हेल्मेटला लावता येत नाही. वेगळा घेतलेला नवीन हेल्मेटवर तसाच जातो. आपल्याकडे बहुतेकांना वेगळाच परवडतो असं माझं मत.

पाऊस. महाराष्ट्रात राईडचा सीझनच पावसाळा, म्हणून इथे हात आखडू नका. पॅकटॉक एज आयपी67 आहे, म्हणजे धो धो पावसाची काळजी नाही. बऱ्याच डिव्हाईसवर नुसतं वॉटर रेझिस्टंट एवढंच लिहिलेलं असतं, ती रिमझिमीत चालतात पण आंबोलीच्या पावसात दिवसभर भिजवायची नाहीत. चार्जिंगचं रबरी झाकण नीट बसलंय का ते निघण्याआधी दाबून बघा, आणि ओलं असताना चार्जिंगला लावू नका. एज चुंबकावर बसतो, त्यामुळे चहाला थांबलात की काढून खिशात टाकता येतो, हेल्मेट गाडीवर ठेवून देवळात जाणाऱ्यांना हे फार बरं पडतं.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या 184 कलमात गाडी चालवताना हातात धरायच्या उपकरणाचा उल्लेख आहे, हेल्मेटमधला इंटरकॉम हातात धरावा लागत नाही. तरी आवाज इतकाच ठेवा की ॲम्ब्युलन्स आणि मागचा हॉर्न ऐकू येईल, आणि गर्दीत, सिग्नलला गप्पा बंद. फोनचे कॉल तर मी म्हणेन उचलूच नका, ग्रुपमधला माणूस रस्ता बघून बोलत असतो, घरून फोन करणाऱ्याला तुमच्यासमोर काय आहे ते दिसत नसतं.

शेवटी घ्यायला जाल तेव्हा स्वतःचं हेल्मेट घेऊन जा. पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या गावातल्या रायडिंग गिअरच्या दुकानात क्लॅम्प फटीत जातो का, स्पीकर कुठे बसतो हे पाच मिनिटांत कळतं, ऑनलाईन मागवल्यावर हेच कळायला डबा फोडावा लागतो. घरात दोन हेल्मेटं असतील तर त्याच मॉडेलचा दुसरा स्पीकर-माईकचा सेट वेगळा मिळतो का ते तिथेच विचारा, मिळत असेल तर दोन्ही हेल्मेटला वायरिंग करून ठेवायचं आणि डिव्हाईस एकच इकडून तिकडे लावायचं.