पोरांना ऐंशीचं दशक दाखवायचंय: मालिका लावावी की सिनेमा?

दिवाळीला पुण्या-मुंबईची भावंडं कोल्हापुरात जमली की आमच्यात हा वाद ठरलेला. पोरांना आपल्या वेळचं काहीतरी दाखवायचंय, यावर एकमत. काय दाखवायचं, यावर दोन तट. गेल्या दोन दिवाळ्यांत दोन्ही करून बघितलं, म्हणून लिहितोय.

पहिल्या वर्षी 'महाभारत' लावलं. २ ऑक्टोबर १९८८ ला सुरू झालेली ही मालिका ९४ भागांची. भाग धरा पाऊण तासाचा, म्हणजे झाले सत्तर तास. चार दिवसांच्या सुट्टीत रोज पाच भाग रेटले तरी द्यूत गाठता येत नाही. आणि रेटायचे कशाला? तेव्हा रविवारी एक भाग व्हायचा आणि पुढचा आठवडाभर गल्लीत तोच विषय. ती चर्चा वजा केली तर उरतं काय? मंद गतीनं जाणारे बाण आणि लांबलचक संवाद. भाचा दुसऱ्याच भागाला म्हणाला, "मामा, हे दीडपट वेगानं लाव ना." लावलं. शंतनूचं दुःख दीडपट वेगानं बघवत नाही.

आई मात्र खूश होती. शेजारच्या काकू दारातनं "काय बघालायसा?" म्हणत आल्या आणि सगळ्यांच्या आधी कुंतीचं काय होणार ते सांगून टाकलं. कृष्ण झालेले नितीश भारद्वाज मराठी, हा अभिमान त्यांना अजून आहे. घरात अशी दोन माणसं असतील तर मालिका त्यांच्यासाठी लावा, पोरांसाठी नको.

एक गोष्ट सांगून ठेवतो. या मालिका जुन्या चौकोनी टीव्हीसाठी काढलेल्या. आताच्या रुंद पडद्यावर चित्र ताणलं जातं आणि भीष्म पितामह तालमीतल्या वस्तादासारखे आडवे दिसतात. सेटिंगमध्ये जाऊन चार-तीनचं प्रमाण निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, त्या राहू द्या.

मालिकाच हवी असेल तर 'मालगुडी डेज'. शंकर नाग यांनी कर्नाटकातल्या आगुंब्यात चित्रित केलेली. भाग छोटे, बहुतेक गोष्टी एका बैठकीत संपतात. त्यातल्या शाळकरी स्वामीची परीक्षेची भीती पोरांना समजावून सांगावी लागत नाही. जेवणाआधी एक, झोपताना एक, एवढंच.

दुसऱ्या वर्षी गच्चीवर सिनेमा. पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, परातभर भडंग. 'अशी ही बनवाबनवी', १९८८ चाच. भाड्याच्या घरासाठी चार मित्रांनी केलेलं सोंग. हे मूळचं १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून घेतलंय असं सांगितल्यावर धाकटी वहिनी जरा हिरमुसली. पण पुण्यात खोली शोधलेल्या पुतण्याला गोष्ट पहिल्या दहा मिनिटांत कळली.

चादर दोरीवर टांगली होती, त्यामुळं पोरं अर्धी पुढं, अर्धी मागं बसली. मागच्यांना सगळं उलटं: पाटी उजवीकडून डावीकडे, लक्ष्मीकांत बेर्डे डावखुरा. गणपतीत रस्त्यावर पडदा लागायचा तेव्हा उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला हीच बाजू यायची. हे मी त्यांना सांगायला गेलो, पण कुणी ऐकत नव्हतं. हसत होते सगळे.

'धूमधडाका'ही (१९८५) चालेल. महेश कोठारे यांचं दिग्दर्शनातलं पदार्पण, अशोक सराफ आणि बेर्डे दोघंही त्यात. पण माझं मत बनवाबनवीला, कारण त्यात नुसतं मागं उभं करून ठेवलेलं पात्र सापडत नाही. अडचण लांबीची: अडीच तासांच्या वर जातो, लहानगी मध्यंतरानंतर पेंगतात. आठच्या आत सुरू करा. आणि ऑनलाइन प्रत आधी थोडी चालवून बघा, काहींत गाणी कापलेली असतात. आमची तशीच निघाली, आणि ऐन वेळी दुसरी शोधताना भडंग संपलं.

एकच संध्याकाळ मिळणार असेल तर सिनेमा, दुसरा विचारच नको. मे महिन्यात पोरं महिनाभर राहणार असतील तर 'मालगुडी डेज'. 'महाभारत' आईच्या खोलीत लावून द्या, आवाज जरा मोठा ठेवा. पोरं येता-जाता दारात थांबतात, हे यंदा बघितलं.