सत्तर मिलिमीटरची दुर्बीण: कोजागिरीपासून मेपर्यंतचा अनुभव

निकाल आधीच सांगते. भिंग चांगलं, ट्रायपॉड भिकार. घ्यायची असेल तर ट्रायपॉडचे पैसे वेगळे धरा.

माझी दुर्बीण ७० मिमी वस्तुभिंगाची आणि ४०० मिमी नाभीय अंतराची. सोबत २० आणि १० मिमीचे आयपीस (डोळ्याकडची भिंगं), म्हणजे २० पट आणि ४० पट. सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये मावतं आणि एका हाताने जिना चढून गच्चीवर नेता येतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच मापाची दुर्बीण वेगवेगळ्या नावांनी मिळते आणि आतला माल साधारण सारखाच असतो. अशा दुर्बिणींच्या खोक्यांवर शेकडो पटींचे आकडे छापलेले असतात, तिकडे लक्ष देऊ नका. भिंगाच्या व्यासाचे जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट पट ही साधारण वरची मर्यादा. इथे ती १४० येते, तीही हवा स्थिर असेल तर. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चंद्र पाहिले ते साधारण २० पटींवर, तेव्हा आपल्या ४० पटींना नावं ठेवायचं कारण नाही.

आता ट्रायपॉड. पातळ ॲल्युमिनियमच्या नळ्या. पाय पूर्ण उघडले की फोकसच्या चाकाला नुसतं बोट लावलं तरी गुरू थरथरायला लागतो. हँडल आवळलं की नळी किंचित खाली झुकते, म्हणून ग्रह जिथे आहे त्याच्या जरा वर नेम धरून आवळायचं. ही सवय लागेपर्यंत डोकं फिरतं. शिवाय ४० पटींवर पृथ्वीचं फिरणं अगदी डोळ्यांना दिसतं. मधोमध आणलेला गुरू काही मिनिटांत कडेने निघून जातो, की पुन्हा सैल करा, पुन्हा आवळा. पाय आखूड ठेवून, मधल्या दांड्याला पाण्याची भरलेली बाटली टांगून, समोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसलं तर निभतं.

यंदा गुरू मिथुनेत होता, १० जानेवारीला आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला. पुणं साडेअठरा अक्षांशावर, त्यामुळे मध्यरात्री तो जवळजवळ डोक्यावर. ऐकायला छान वाटतं, पण नळी सरळ वर केली की ट्रायपॉडच्या पायात अडकते आणि ४५ अंशांच्या डायगोनलमध्ये (नजर वळवणाऱ्या कोपऱ्यात) डोळा घालायला जमिनीवर लोळावं लागतं. म्हणून मी रात्री आठ-साडेआठलाच, तो पूर्वेला अर्ध्यावर चढायच्या आत, बघून घ्यायचे. चारही चंद्र एका रेषेत, आणि नीट थांबलं तर तबकडीवर दोन पुसट पट्टे. कडेला जांभळी झाक येते. या किमतीत ती येणारच. शेवटी नळीच्या बुडाला पाव इंची आट्याचं भोक दिसलं आणि भावाचा व्हिडिओचा ट्रायपॉड लावून पाहिला. दुर्बीण बदलल्यासारखं वाटलं.

चंद्राबद्दल एक सांगायलाच हवं. सोसायटीच्या कोजागिरीला मसाला दुधाच्या पातेल्याशेजारी दुर्बीण लावायची फर्माईश झाली. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सगळ्यात सपाट दिसतो. ऊन समोरून पडतं, सावल्याच नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी डोळा लावला आणि "एवढंच?" म्हणून ग्लास उचलला. त्याच काकू नंतर शुक्ल नवमीला आल्या तेव्हा प्रकाश-अंधाराच्या सीमेवर ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस विवर सावलीने भरलेलं होतं. मग मात्र हलेनात. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा, पंचमी ते दशमी धरा. संकष्टीचा चंद्रही पौर्णिमेपेक्षा बरा, कारण एका कडेला सावल्या परत आलेल्या असतात. पण तो नुकताच उगवलेला असतो, त्यामुळे उकळत्या पाण्यासारखा हलतो, आणि मागे उपास सोडायला थांबलेल्यांची रांग.

गर्दी सगळ्यात जास्त खूश होते ती वसिष्ठ-अरुंधतीवर. एप्रिल-मेमध्ये सप्तर्षी संध्याकाळी उत्तरेला सोयीच्या उंचीवर असतात. लग्नात गुरुजींनी दाखवलेली अरुंधती सगळ्यांना ठाऊक असते, पण ४० पटींवर वसिष्ठच दोन होतो. हे भर कर्वेनगरातल्या दिव्यांतूनही दिसतं. शनीने मात्र निराशा केली. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याकडे अगदी धारेवर आली होती आणि हिवाळ्यातही बारीकच होती. एका ठिपक्यातून सुई आरपार गेल्यासारखा दिसायचा.

शहरातून कृत्तिका आणि मृगाचा तेजोमेघ ठीक दिसतात, देवयानीची दीर्घिका म्हणजे नुसता डाग. दिवाळीनंतरचा धूर, रस्त्यावरचे पांढरे दिवे, उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत तापलेला स्लॅब, सगळंच आड येतं. पानशेतच्या बाजूला गेलं की हीच दुर्बीण भलतीच शहाणी होते. या महिन्यात तिथून रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम चोवीस अंशांवर, नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ पाहिला. सुटे तारे दिसत नाहीत, २० पटींवर धूसर गोल पुंजका दिसतो. पण लंडनच्या माणसाला तो क्षितिजाच्या वर कधी येतच नाही, हे आठवून बरं वाटतं.

घेण्याआधी ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या आकाशदर्शनाला जाऊन या. १९४४ पासून पुण्यात काम करणारी संस्था आहे. मोठ्या दुर्बिणीतून काय दिसतं ते कळलं की लहानीकडून अपेक्षा ताळ्यावर राहते. घरात मुलं असतील तर दिवसा झाकण काढू देऊ नका. सूर्याकडे वळलेली नळी क्षणात डोळा घालवते, आणि आयपीसला लावायची काळी काच कुणी दिली तर फेकून द्या, उष्णतेने ती तडकते.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश मिळणार नाही. भिंगाला बुरशी धरू नये म्हणून नळी आणि आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवायचे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला शनी सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतोय आणि कडी थोडी उघडलेली असतील, तेव्हा डबा उघडेन.