सिंगापूरच्या क्रूझवर लो-कार्ब: बुफेपेक्षा वेटर कामाचा

सिंगापूरच्या मरिना बे क्रूझ सेंटरवरून रॉयल कॅरिबियनची जहाजं तीन ते पाच रात्रींच्या फेऱ्या करतात. पेनांग, पोर्ट क्लांग, फुकेत ही ठरलेली बंदरं. सिंगापूर-मलेशियाच्या ग्रुप टूरमध्ये क्रूझ घुसवायची पद्धत पडल्यापासून जहाजावर मराठी कानावर पडतंच, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची शुगर वाढलेली असते. म्हणून हे परीक्षण फक्त एका प्रश्नाचं: दिवसाला 50 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं ठेवणाऱ्या माणसाला या जहाजावर नीट जेवता येतं का? स्पेक्ट्रम, अँथेम, ओव्हेशन ही क्वांटम वर्गातली जहाजं डोळ्यासमोर ठेवली आहेत.

उत्तर असं की मांसाहारी माणसाचं मजेत निभतं. अंडं खाणाऱ्या शाकाहाऱ्याला थोडी खटपट करावी लागते. जैन जेवण हवं असेल तर खरोखर कठीण आहे. आणि तिघांनाही लागू पडणारी गोष्ट म्हणजे, सगळे ज्या बुफेवर तुटून पडतात तिथे लो-कार्ब मोडतं. टेबलावर बसून मागवायच्या जेवणात ते टिकतं.

बुफेचं नाव विंडजॅमर. ताट हातात न घेता आधी एक पूर्ण फेरी मारायची, कारण मांडणीच अशी असते की पहिल्या काही पावलांत ब्रेड, पेस्ट्री नाहीतर नूडल्सनी ताट निम्मं भरावं. सकाळी सरळ अंड्याच्या काउंटरवर जा. इथे एक बारकावा आहे. मोठ्या ट्रेमध्ये तयार ठेवलेली स्क्रॅम्बल्ड एग्ज साधारणपणे डब्यातल्या द्रव अंड्यांची असतात, आणि मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत त्यात दूध किंवा स्टार्च मिसळण्याची चाल आहे. ऑम्लेटवाल्याकडेही डावाने ओतायचं हेच मिश्रण असू शकतं. फोडलेली अंडी हवी असतील तर ऑम्लेट मागूच नका, 'फ्राइड एग' मागा; ते कवच फोडल्याशिवाय होत नाही. दोन अंडी म्हणजे जेमतेम 1 ग्रॅम कार्ब. सोबत चीज, मशरूम, काकडी-टोमॅटो. दही घेताना साधंच घ्या, फळांच्या स्वादाच्या कपात साखर असते. सॉसेजमध्ये ब्रेडचा चुरा किंवा स्टार्च मिसळलेला असतो. बेकन त्यामानाने बरं. संत्र्याचा रस मात्र निव्वळ दगाबाज: 250 मिलिलिटरच्या ग्लासात 25 ग्रॅमच्या पुढे, म्हणजे सकाळी आठलाच दिवसाचा निम्मा कोटा संपला. फळांत कलिंगड किंवा पपई चार फोडी. अननस आणि केळं नको. मध्यम केळ्यात 27 ग्रॅम असतात.

दुपारी बुफेच्या भारतीय काउंटरवर आपली माणसं रेंगाळतात आणि तिथेच फसतात. पनीर स्वतः निर्दोष आहे, 100 ग्रॅमला 3-4 ग्रॅम. पण मखनीच्या रस्श्यात कांदा, टोमॅटो, काजूची पेस्ट आणि वर साखर; वाटीभर घेतलं तर 10-12 ग्रॅम सहज. डाळीची वाटी 18-20 ग्रॅम. नान एक, 40-45 ग्रॅम. मिक्स भाजीत बटाटा, मटार, गाजर. भात घेतला नाही म्हणून हायसं वाटतं, पण ताटात एवढ्यात 70-75 ग्रॅम जमा झालेले असतात. या काउंटरवर घ्यायचं ते कोरडं: तंदुरी कोंबडी, टिक्का, मासा. पालक पनीर चालेल. रस्सा हवाच तर झाऱ्याने पनीरचे तुकडे उचला, ग्रेव्ही भांड्यात राहू द्या.

शेजारचा आशियाई काउंटर वरवर हिरवा दिसतो, पण परतलेल्या भाज्यांवर ऑयस्टर सॉस किंवा गोड सोया असतो. पहिल्यात शिंपल्यांचा अर्क, म्हणजे शाकाहाऱ्यांनाही बाद. सॅलड बारमधल्या खेकड्याच्या लालसर कांड्या खेकडा नसतातच, माशाच्या लगद्यात स्टार्च आणि साखर घालून केलेल्या असतात. स्वीट चिली सॉसच्या एका चमच्यात 8 ग्रॅमच्या आसपास, केचपच्या चमच्यात 4-5. 'फॅट फ्री' लिहिलेलं ड्रेसिंग टाळा, चरबी काढून तिथे साखर भरलेली असते. ऑलिव्ह तेल, व्हिनेगर, मीठ, मिरी यांच्या बाटल्या तिथेच असतात. त्यापुढे कुठलंही ड्रेसिंग फिकं.

आता मुख्य डायनिंग रूम. तिकिटाच्या पैशांतच येते, तरी ग्रुपची माणसं 'तिथे वेळ जातो' म्हणून बुफेला पळतात. लो-कार्बवाल्याने उलट करावं. इथे ताट तुमच्या नावाने बनतं, ट्रेमधून येत नाही. पहिल्या रात्रीच वेटरला नाही, हेड वेटरला बोलवा आणि 'किटो' (कर्बोदकं जवळजवळ बंद करणारा आहार) हा शब्द बाजूला ठेवून चार वस्तूंची नावं सांगा: पीठ नको, साखर नको, बटाटा नको, भात-पास्ता नको. 'डायबेटिक' म्हटलं तर साखर तेवढी कमी होते, भात जसाच्या तसा येतो. 'ग्लूटेन फ्री' म्हटलं तर त्याहून गंमत: तो ब्रेड तांदूळ, टॅपिओका, बटाट्याच्या स्टार्चचा असतो, कार्ब गव्हाइतकेच किंवा जास्त. ॲलर्जी आहे असं खोटं सांगू नका. ॲलर्जीच्या ताटाला वेगळी भांडी, वेगळी खबरदारी असते. त्यात स्वयंपाकघराचा वेळ जातो आणि तुमच्या वाट्याला उकडलेलं बेचव येतं. हेड वेटरला विनंती केली की तो दुसऱ्या दिवशीचं मेनूकार्ड आदल्या रात्रीच दाखवतो, त्यावर खूण करून ठेवायची. चार रात्रींच्या सहलीत ही सवय पहिल्याच रात्री लावली तर तीन जेवणं सुरळीत होतात. शेवटच्या रात्री जाग आली तर उपयोग नाही.

मागवायची पद्धत अशी. ब्रेडची टोपली टेबलावर ठेवूच देऊ नका, समोर असली की हात जातो. एक स्टार्टर आणि एक गोड यांऐवजी दोन स्टार्टर घ्या. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. कोळंबी कॉकटेल चांगलं, पण त्याचा लाल सॉस केचपचाच भाऊ, तो बाजूला मागवा आणि लिंबू घ्या. सीझर सॅलड क्रूटॉनशिवाय, म्हणजे कुरकुरीत ब्रेडच्या तुकड्यांशिवाय. फ्रेंच कांद्याच्या सुपावरचा ब्रेड काढला तरी तळाशी परतून गोड झालेला कांदा उरतोच. क्रीमचं कुठलंही सूप मैद्याने दाट केलेलं समजा. मुख्य पदार्थात ग्रिल केलेली कोंबडी, मासा किंवा स्टेक, बटाट्याच्या जागी दुप्पट भाजी, सॉस वेगळ्या वाटीत. तपकिरी ग्रेव्हीही मैद्याचीच.

शाकाहाऱ्यांसाठी दोन सूचना, ज्या मेनूवर लिहिलेल्या सापडत नाहीत. सीझर ड्रेसिंगमध्ये बहुधा अँकोव्ही हा मासा असतो. फ्रेंच कांद्याचं सूप पारंपरिक पद्धतीत गोमांसाच्या स्टॉकवर बनतं. पानं आणि चीज दिसलं म्हणून शाकाहारी मानू नका, विचारा. कडक शाकाहारी असाल तर पार्मेझानही नको, त्यात वासराच्या जठरातलं रेनेट वापरलेलं असतं. डायनिंग रूममध्ये भारतीय शाकाहारी पदार्थ मिळतो, पण तो बहुधा डाळ-भाजी-भात अशा घाटाचा असतो. त्यातलं पनीर ठेवून भाताच्या जागी कोबी किंवा फरसबी परतून मागा. स्वयंपाकघरात भारतीय आचारी असले तर जिरं-हिरवी मिरची घालून देतात. जैनांना अंडंही नाही, कांदा-मुळंही नाही, त्यामुळे पनीर, दही, काकडी, कोबी एवढ्यावरच भागवायचं. टूर कंपनीला 'जैन' कळवलं की ती डाळ-भात पक्का करून ठेवते. 'जैन आणि भात-पोळीशिवाय, पनीर जास्त' असं लेखी कळवलं तरच काही हाती लागतं, आणि तेही निघायच्या आदल्या आठवड्यात नव्हे, बुकिंग करतानाच.

गोडाच्या यादीतलं 'साखर न घातलेलं' डेझर्ट हा सापळाच. साखर नाही, पण पीठ आणि दूध आहे, आणि गोडवा माल्टिटॉलसारख्या पदार्थाचा असला तर तोही रक्तातली साखर वाढवतो, वर पोट फुगवतो ते वेगळंच. त्याऐवजी चीजची प्लेट, बिस्किटं आणि जॅम वगळून.

पैसे देऊन खायच्या ठिकाणांत मांसाहाऱ्याने एका रात्रीपुरतं 'चॉप्स ग्रिल' या स्टेकहाऊसमध्ये जायला हरकत नाही. स्टेकहाऊस म्हणजे मुळातच लो-कार्ब जेवण. शाकाहाऱ्याने तिथे पैसे घालवू नयेत. इझुमी या जपानी ठिकाणी सुशीच्या भातात साखर आणि व्हिनेगर असतं, साशिमी घ्या, म्हणजे भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप. खोलीवर फुकट येणारा काँटिनेंटल नाश्ता म्हणजे पेस्ट्री, सीरियल, रस आणि फळं. फुकट असूनही महाग. सोलॅरियम बिस्ट्रोचं नाव कमी ऐकू येतं, पण तुमच्या जहाजावर असेल तर तिथलं हलकं जेवण विंडजॅमरपेक्षा आपल्या कामाचं आणि गर्दीही कमी.

पेयांचं पॅकेज लो-कार्बवाल्याला परवडत नाही. कॉकटेल बहुतेक तयार गोड मिश्रणातून होतात. एका पिन्या कोलाडात 30 ग्रॅमच्या वर जातात. घ्यायचंच असेल तर व्हिस्की, व्होडका, जिन सोड्याबरोबर, वर लिंबू. इथे 'टॉनिक' आणि 'सोडा' यांत गल्लत नको: टॉनिक गोड असतं, क्लब सोडा शून्य. ड्राय वाइनच्या 150 मिलिलिटरमध्ये 3-4 ग्रॅम, बिअरच्या कॅनमध्ये 10-13. बुफेवरचं फुकट लेमोनेड साखरेचं पाणीच. सुट्या पेयांवर 18 टक्के ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप, चढते, हेही हिशोबात धरा.

औषधं घेणाऱ्यांसाठी हा भाग वगळण्यासारखा नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना अचानक कार्ब कमी केले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांबरोबर फार कमी कार्ब, त्यात जहाज लागून उलट्या, पाणी कमी, असं जुळून आलं तर कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल साचून जिवावर बेतणारी स्थिती) होऊ शकतो, आणि तोही ग्लुकोमीटरवर आकडा फारसा न वाढता. उलट्या सुरू झाल्या तर काय करायचं, गोळी थांबवायची का, हे लिहून घेऊनच निघा. जहाज लागल्यावर कर्मचारी हिरवं सफरचंद आणि क्रॅकर देतात. उपाय जुना आहे, पण सफरचंदात 25 ग्रॅम. आल्याचा बिनसाखरेचा चहा बरा. आल्याच्या चघळायच्या कँडी साखरेच्याच असतात. इन्सुलिनच्या वेळाही बघा: सिंगापूर भारताच्या अडीच तास पुढे, फुकेत सिंगापूरच्या एक तास मागे.

बॅगेत काय? खोलीत किटली, इस्त्री चालत नाही, त्यामुळे उकळायचं काही नेऊ नका. सीलबंद पाकिटात जवसाची चटणी, शेंगदाण्याची सुकी चटणी. दोन चमचे अंड्यावर किंवा पनीरवर घातले की विंडजॅमरची चव सुधारते. इसबगोल न्याच, चीज आणि मांसावर चौथ्या दिवशी पोट अडतं. बिनसाखरेचं इलेक्ट्रोलाइटही, कारण कार्ब कमी केल्यावर मीठ आणि पाणी वेगाने जातं आणि बंदरावर ऊन असतं. दोन वस्तू मात्र घरीच ठेवा. शुगर फ्री च्युइंग गम: सिंगापूरमध्ये 1992 पासून गम आणायला बंदी आहे. आणि खसखस: तिथे ती प्रतिबंधित मालात मोडते, म्हणून चटणी-मसाल्याच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचून घ्या. दीक्षित डाएटवाल्यांचे दोन वेळचे 55 मिनिटांचे नियम जहाजावर अनायासे पाळता येतात. अकरा आणि सात, मधल्या वेळी डेक बदलायचा.

बंदरावर उतरताना जहाजावरची फळं किंवा मांस बरोबर नेऊ नका, स्थानिक कायद्याला चालत नाही. पेनांगमध्ये साते (काडीवर भाजलेलं मांस) छान, पण शेंगदाण्याची चटणी गोड असते, बोट लावून बघा. फुकेतमध्ये भाजलेली कोंबडी, 'गाय यांग'. सोम तम या कच्च्या पपईच्या सॅलडमध्ये ताडाची साखर पडते, ऑर्डर देतानाच 'माय साय नाम तान', म्हणजे साखर घालू नका, असं सांगा. आणि सिंगापूर असो की पेनांग, कॉफी मागताना 'कोपी-ओ कोसोंग', म्हणजे बिनदुधाची-बिनसाखरेची, म्हणा. नुसतं 'कोपी' म्हटलं तर तळाशी बोटभर कंडेन्स्ड मिल्क येतं.